सत्तेचाळिसावा प्रश्न

दुपारचे दोन वाजलेत. शैलजा कर्चे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर हात दुमडून त्यांवर डोकं टेकते. झोपायचा विचार नाही, नुसतं पाच मिनिटं पडायचं आहे. तीनला प्रथम वर्षाचा तास आहे, धडा व्यक्तिमत्त्वाचा. सत्तावीस वर्षं ती हा धडा शिकवते आणि अंतर्मुख-बहिर्मुख आलं की दरवर्षी एकच उदाहरण देते, "आमच्या हणमंतदादाला बघा!"

हणमंतदादा तिचा थोरला भाऊ, फलटणचा मंडपवाला. लग्नात माइक हातात आला की नवरदेवाकडे कोण बघतंय? त्याच्या नकला करून दाखवताना ती स्वतः हसायची आणि वर्ग पोट धरून हसायचा. दादा गेल्या श्रावणात गेला. पोटात गाठ होती. आठ महिने त्यानं बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. रिपोर्ट सापडले ते स्पीकरच्या रिकाम्या खोक्यात. आज वर्गाला काय सांगायचं, हे सकाळपासून तिला खातंय.

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितलेली नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी व्यक्तिमत्त्व चाचणीच्या प्रयोगासाठी तिनं दादालाच धरून बसवलं होतं. ज्याची चाचणी घ्यायची त्याला प्रयुक्त म्हणतात, तर हा तिचा पहिला प्रयुक्त. शंभर प्रश्न, पुढे हो किंवा नाही. चोवीस वर्षांच्या दादानं पेन्सिल कानावर अडकवत, विनोद करत पेपर सोडवला. रात्री तपासताना दिसलं, सत्तेचाळिसावा कोरा आहे. 'तुमचं दुःख तुम्ही इतरांपासून लपवता का?' एक उत्तर राहिलं तरी पेपर बाद होतो, आणि सकाळी जर्नल द्यायचं होतं. तिनं स्वतःच्या हातानं 'नाही'वर खूण केली. दादाच्या बाबतीत त्यात विचारायचं काय होतं? वीसपैकी एकोणीस गुण मिळाले.

पंख्याची घरघर लांब जाते. टेबलाचं लाकूड गालाला ऊबदार लागतं. समोर प्रयोगाचा लाकडी पडदा उभा आहे, प्रयोगकर्त्याला नि प्रयुक्ताला एकमेकांचं काही दिसू नये म्हणून ठेवतात तो. पडद्याच्या खालून दोन पावलं दिसतात. धुळीनं माखलेली, अंगठ्याजवळ झिजलेली चप्पल.

"शैले, किती येळ बसवतीस गं? जेवायच्या पंगती उठल्या की."

तिला पडदा ढकलून पलीकडे जायचं आहे, त्याला मिठी मारायची आहे. पण तोंडातून बाहेर पडतं ते असं, "सूचना नीट ऐका. मनात जे पहिल्यांदा येईल तेच उत्तर द्या. यात बरोबर किंवा चूक असं काही नाही. प्रत्येक प्रश्न एकदाच वाचला जाईल."

"बरं बाई. सांग."

"दादा, तुला दुखत होतं का?" असं ती विचारते. निदान तिला तसं वाटतं. कानावर मात्र स्वतःचाच तासावरचा आवाज येतो, "प्रश्न पहिला. तुम्हाला समारंभात जायला आवडतं का?"

"म्हंजे काय! धंदाच हाय आपला."

पडदा आता कापडाचा आहे, गुलाबी, झालर लावलेला. प्रयोगशाळेची बाकं पंगतीला मांडली आहेत आणि तिच्या वर्गातली मुलं मान खाली घालून जेवताहेत. दादा शिडीवर उभा आहे, दातात काळ्या टेपचं रीळ धरून वायर जोडतोय. बारीक झालाय. सदरा शेवटच्या महिन्यात लोंबायचा तसाच लोंबतोय.

"खाली उतर ना. पडशील."

"न्हाय पडत. तू इचार तुझं."

ती पेपर उलगडते. सेहेचाळीसपर्यंत सगळीकडे दादाची खूण आहे. सत्तेचाळिसाव्यापुढे तिची. तिला लाज वाटते, इतकी की कागद पदराखाली लपवावासा वाटतो.

"दादा, ही मी केली."

"ठावं हाय मला."

"तू रागावलास?"

"रागवायचं काय त्यात? मार्क पडलं न्हवं तुला? मी गल्लीत पेढं वाटलं की."

हेच तर तिला सोसवत नाही. त्यानं एकदा खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

"पण तू कोरा का ठेवलास? विसरलास?"

दादा शिडीवरून उतरतो. उतरला तो कॉलेजच्या व्हरांड्यात, आणि व्हरांड्याला दवाखान्याचा वास येतोय. तो बाकावर टेकतो, गुडघ्यावर हात ठेवून दम घेतो.

"इसरलो न्हाय. म्हटलं, कोरा दिसला की शैली इचारंल. दादा, हितं का न्हाय लिव्हलंस, म्हणंल. मग सांगू."

"आत्ता विचारते की. सांग ना. काय होतं तेव्हा?"

"तवा?" तो हसतो, आणि सांगू लागतो. खरोखर सांगू लागतो. त्याचे ओठ हलतात, हात हलतात, एका जागी तो थांबतो आणि डोळे पुसतो. पण आवाज येत नाही. एक अक्षर ऐकू येत नाही.

"दादा, ऐकू येत नाहीये!"

तो बोलतच राहतो. ती माइक शोधत वायरीमागं धावते. वायर बाकांखालून, जेवणाऱ्या मुलांच्या पायांतून, जिन्यावरून जाते आणि एका भिंतीत शिरते. ती भिंतीवर थापा मारते. परत येते तर त्याचं सांगून झालेलं आहे. ओझं उतरल्यासारखा चेहरा झालाय त्याचा. त्याला वाटतंय, तिनं ऐकलं.

"परत सांग. पाया पडते तुझ्या, परत एकदा."

"एकदाच वाचायचा असतोय न्हवं प्रश्न? तूच म्हणलीस."

ती घाईघाईनं पेन्सिल उचलते. निदान ती खूण खोडायची, 'हो'वर करायची. दादा तिचं बोट धरतो. त्याचा हात गरम आहे, तापातला. खिशातून टेपचं रीळ काढून तो तिच्या पहिल्या बोटाला तीन वेढे घट्ट मारतो, उघड्या वायरीला मारतात तसे, आणि दातानं तोडतो.

"ऱ्हाऊ दे आता. शॉक लागंल."

"मॅडम? मॅडम, तीन वाजून गेले."

दारात प्रथम वर्षाची एक मुलगी उभी आहे. पंखा बंद पडलाय. शैलजाचा गाल ओला आहे आणि टेबलही.

"सगळे वाट बघताहेत मॅडम. सीनियर म्हणाले, या तासाला तुमच्या दादांच्या नकला असतात."

शैलजा डोळे पुसायला हात उचलते आणि थबकते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाभोवती टेपच्या गमाचा काळा पट्टा आहे, चिकट, ताजा. ती बोट पदरावर घासते. पदराला डाग पडतो. बोटावरचा गम तसाच राहतो.

"येते," ती म्हणते. पण तिला उठवत नाही.