आत्याचे एकतीस रोल

अकोला स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी आत्यानं खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. "रोल घेतले ना व?" मी म्हटलं, "हो आत्या." ते माझं पहिलं खोटं. त्याला आता वीस वर्षं होत आली.

आत्या म्हणजे बाबांची बहीण, अमरावतीला आरोग्य खात्यात नर्स. लग्न केलं नाही. लसी घेऊन धारणीच्या जीपमध्ये नाहीतर मोर्शीच्या एसटीत बसायची, आणि पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी कॅमेरा. फोटो कुणाचे, तर रस्त्यावरच्यांचे. चप्पल शिवणारा, जीपच्या टपावर बसलेली पोरं, संत्र्यांच्या ढिगाआड झोपलेली बाई. लाज वाटायची हो आम्हाला! बाजारात ती मधेच थांबली की मी दहा पावलं पुढं निघून जायची. स्टुडिओवालाही हसायचा, "मॅडम, लग्नाबिग्नाचे सोडून हे कायचे फोटो काढता?" तेव्हापासून तिनं रोल धुवायला टाकणंच बंद केलं. काढायचे आणि डबीत घालून ठेवायचे.

माझं कॅनडाला जायचं ठरलं तेव्हा असे एकतीस रोल तिनं माझ्या हाती दिले. "तिकडं धुवून घेजो. तिकडं कोणी हासत नसंन."

अकोल्याला ताईच्या घरी बॅग भरली. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली तर किलोभर जास्त. आईच्या मुगवड्या काढायच्या की आत्याचे रोल? तुम्हीच सांगा, आपल्यात कोण मुगवड्या काढेल? पोरगी तिकडं काय खाईल म्हणून आई आधीच रडवेली. रोल ताईच्या माळ्यावर गेले. पुढच्या वर्षी येईन तेव्हा नेईन, म्हटलं. मुगवड्या महिन्याभरात संपल्या.

पुढचं माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना सांगायला नको. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसा, पोरांना डे-केअरला सोडा, शिफ्ट करा. इंडियात दोन आठवडे आलं की निम्मे दिवस जेटलॅगमध्ये, निम्मे सासरी. रोल आठवायचे ते फोनवर आत्यानं विचारलं की. "फोटो आले का व?"

"आले ना आत्या. मस्त आलेत."

"ते संत्र्यावाली?"

"तीपण."

"बरं झालं व. येशीन तवा आणजो."

आणि गावी आले की मी म्हणायची, अगं, विसरले बघ. म्हातारीचं मन कशाला मोडायचं, असं स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे मलाच तोंड नव्हतं.

आत्या गेली त्याला तीन वर्षं झाली. मी व्हिडिओ कॉलवर रडले. मागच्या उन्हाळ्यात ताईनं माळा आवरला आणि तिच्या मुलीनं ते रोल पुण्याहून धुवून आणले. अकोल्याचं ऊन, वर टिनाचं छप्पर. अर्धे रोल भाजून निघालेले, त्यांवर नुसतं करडं धुकं. संत्र्यांवाली बाई त्यातच गेली असणार. उरलेल्यांनी मात्र लोकांना वेड लावलं. अमरावतीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलंय, लोक येतात, कुणी आपला बाप ओळखतं, कुणी आजी. ओळख ना पाळख अशी माणसं मला मेसेज करतात, "काय नजर होती तुमच्या आत्यांची!" तिनं स्वतः त्यातला एकही फोटो पाहिला नाही, हे त्यांना मी कळवत नाही.

प्रदर्शनासाठी चार ओळी लिहून दे म्हणून ताईचा फोन आला, तेव्हा मी रडत तिला माझं सगळं खोटं सांगून टाकलं. ताई म्हणाली, "आत्याले माईत होतं."

मी गेल्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात आत्या कुरडया करायला अकोल्याला आली होती. साचा शोधायला माळ्यावर चढली आणि रोलचा डबा हाती लागला. ताई म्हणाली, मी धुवून आणते. तर नको म्हणाली. "तिले देल्ले हायेत, तिनंच न्यावं. तिले बोलजो नको." वर शपथ घातली.

म्हणजे त्यानंतरची सगळी वर्षं मी "मस्त आलेत" म्हणत होते, आणि ती तिकडून "बरं झालं व" म्हणत होती.

इथं कुणी घर कुठलं विचारलं की मी अमरावती सांगते. पण माझं खोटं माहीत असूनही मी कधीतरी खरं बोलेन म्हणून पुन्हा पुन्हा तेच विचारणारी एक बाई होती, तेवढंच माझं घर होतं. आता कुणी विचारत नाही.