मिलिंदची हजेरी

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. कॉलेजच्या मित्रांच्या मेळाव्यात दोन पेग पोटात गेले की भलेभले आपापली पापं ओकतात – कुणी कुणाचं जर्नल ढापलं, कुणी कुणाच्या नावाने प्रेमपत्र लिहिलं – तेव्हाही मी लिंबूसोडा घेऊन हसत बसलो. मला हसता फार छान येतं. तुम्ही मला ओळखत असता तर म्हणाला असता, केळकर म्हणजे सज्जन माणूस. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत सगळे तसंच म्हणतात, आणि मी कधी कुणाला अडवलेलं नाही.

आधी कॉलेजबद्दल सांगतो. – बघा, लगेच बाजूला वळलो. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इंजिनिअरिंगचं कॉलेज, मुंबईतलं, त्या काळातलं नावाजलेलं. नाव सांगत नाही. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीतल्या मुलाला तिथे प्रवेश मिळाला की बिल्डिंगभर पेढे वाटले जायचे आणि आईबाप पुढची चार वर्षं भाजी आणायलासुद्धा मान ताठ करून जायचे. तिथे वर्कशॉपच्या मागे बास्केटबॉलचं एक कोर्ट होतं, सिमेंटचं, एका बाजूने खचलेलं. खेळणाऱ्यांकडे मात्र सगळे जरा दयेनेच बघत. अभ्यास झेपत नसेल बिचाऱ्याला, म्हणून खेळतो, असा एकूण समज. बाहेर मॅच असली की समोरच्या कॉलेजची पोरं ओरडायची, ‘ए स्कॉलर, कॅल्क्युलेटर काढ!’ आणि आम्ही दरवर्षी इमानेइतबारे पहिल्या फेरीत हरून सबमिशन पूर्ण करायला परत यायचो.

मग मिलिंद आला. माझ्याच वर्गात, कल्याणच्या कोळसेवाडीतून. वडील रेल्वेत गँगमन, पाठच्या दोन बहिणी, बुद्धविहाराला लागून असलेल्या चाळीत एक खोली. बास्केटबॉल तो रेल्वेच्या मैदानावर मोठ्या माणसांत घुसून शिकलेला. उंची बेताचीच. पण बॉल त्याच्या हातात आला की बाकीचे नऊजण जरा संथ झाल्यासारखे वाटायचे. आणि पास असा द्यायचा, की आपण मोकळे उभे आहोत हे आपल्याला बॉल हातात पडल्यावरच कळायचं. त्या वर्षी आम्ही मॅच जिंकायला लागलो. कॅल्क्युलेटरवाले गप्प झाले. माझाही खेळ सुधारला, तो त्याच्यामुळे, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

तो मला ‘केळ्या’ म्हणायचा, मी त्याला ‘मिल्या’. संध्याकाळी तो कल्याणहून डोंबिवलीला यायचा आणि आमच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर आम्ही अंधार पडेपर्यंत खेळायचो. मैदानाच्या भिंतीवर बसून शेंगदाणे खायचो. माझा तो सगळ्यात जवळचा मित्र होता, हे मी मुद्दाम सांगतोय. शत्रूचं वाईट केलं असतं तर एवढं लिहीत बसलो असतो का?

एकदा, एकदाच, माझे वडील मॅच बघायला आले. बँकेतून अर्धा दिवस सुट्टी टाकून. घरी येताना रस्ताभर ते मिलिंदबद्दल बोलत होते. तो कल्याणचा मुलगा काय खेळतो रे! मग घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, “शेवटी तुला बाहेर बसवलं का त्यांनी?” सहज विचारलं होतं त्यांनी. मला आजही तो प्रश्न जसाच्या तसा ऐकू येतो.

दुसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या संघासाठी निवड झाली. मिलिंद निवडला गेला. आमच्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी. मी स्टँडबाय. म्हणजे कुणी पडला, झडला, तर त्याच्या जागी मी. कॅम्प ठाण्यातच एका शाळेच्या कोर्टवर, रोज सकाळी, फक्त निवडलेल्यांसाठी. मी मिलिंदला मिठी मारली, सगळ्यांना वडापाव खिलवला, आणि घरी जाऊन आईवर विनाकारण खेकसलो.

आता हजेरीचं सांगतो. कॅम्पला जाणाऱ्याला लेक्चरची सूट मिळायची, बाकीच्या सरांनी दिलीही. मेकॅनिक्सच्या सरांनी दिली नाही. इथे डोकं घेऊन यायचं, चेंडू घेऊन नाही, असं त्यांनी सगळ्या वर्गासमोर मिलिंदला ऐकवलं. त्यांचं लेक्चर सकाळचं पहिलं. एका विषयात हजेरी कमी पडली तरी टर्म अडायची, म्हणजे परीक्षेला बसता यायचं नाही, वर्ष गेलं. आणि डिटेन झालेल्याला युनिव्हर्सिटीकडून खेळता यायचं नाही.

यावर उपाय काय, तो कॉलेजात शिकलेल्या कुणालाही ठाऊक आहे. प्रॉक्सी. सर रजिस्टरमधून डोकं वर न काढता नंबर पुकारायचे. मिलिंदचा नंबर आला की त्याच्यासारखा आवाज काढून ‘येस सर’ म्हणायचं, बस. त्याचा आवाज भरदार, माझा किनरा. मी घरी बाथरूममध्ये सराव केला होता. मिलिंद म्हणाला, “केळ्या, बाकीचं मी बघून घेईन. फक्त मेकॅनिक्सचं तेवढं तुझ्यावर.” मी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस.

पहिले काही आठवडे मी इमानदारीत प्रॉक्सी लावली. हेही खरं आहे. संध्याकाळी तो मैदानावर आला की आधी विचारायचा, “लागली का रे?” मी म्हणायचो, “लागली.” मग आम्ही खेळायचो.

आणि मग एका सकाळी –

हा एक दिवस मी इतक्या वेळा मनात फिरवून पाहिलाय, की त्यात खरं किती उरलंय कुणास ठाऊक. पण एवढं नक्की, की त्या सकाळी मी काही ठरवून गेलो नव्हतो. त्याचा नंबर पुकारला गेला. माझं तोंड उघडलं नाही. सरांनी पुन्हा पुकारला. शेजारच्या मुलाने मला कोपराने ढोसलं. मी मान खाली घालून पेन्सिलला टोक करत राहिलो. सरांनी रजिस्टरवर रेघ ओढली आणि पुढचा नंबर घेतला. नंतर शेजाऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, सर आज बघत होते रे. सर बघत नव्हते.

त्या संध्याकाळी मिलिंदने विचारलं, “लागली का रे?”

मी म्हटलं, “लागली.”

दुसऱ्या दिवशी सोपं गेलं. त्यानंतर तर विचारही करावा लागला नाही. मला काही करायचंच नव्हतं ना! कुणाचा पाय ओढायचा नव्हता, कुणाचे कान भरायचे नव्हते. नुसतं गप्प बसायचं, आणि संध्याकाळी एक शब्द बोलायचा. टर्म संपेपर्यंत मी रोज सकाळी गप्प बसलो आणि रोज संध्याकाळी तो शब्द बोललो, त्याच्याकडे बघून, कधी कधी त्याच्या पुडीतले शेंगदाणे चावता चावता.

मनाची समजूत कशी घातली, विचाराल. घातली ना. हॉस्टेलच्या गच्चीवर आमच्यासारखी मुलं जे बोलायची, ते मी उसनं घेतलं. त्याला काय, कोट्यातून आलाय, त्याच्यासाठी सगळे दरवाजे उघडे आहेत. आपल्याला कोण विचारतं? मी स्वतः हे मोठ्याने कधी बोललो नाही. मी सज्जन. पण रोज सकाळी त्याचा नंबर पुकारला गेला की हे वाक्य मी मनात म्हणायचो. त्याला प्रवेश कोणत्या यादीतून मिळाला होता, हे मी त्याला कधी विचारलंही नव्हतं. पुढे कळलं, की बारावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. आणि कमी असते तरी काय? मित्राने विश्वासाने सोपवलेलं एक काम होतं, त्याचा मार्कांशी संबंध काय?

डिटेन झालेल्यांची नावं बोर्डावर लागली. मिलिंदचं नाव होतं. त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग माझ्याकडे वळून जे बोलला ते मला मरेपर्यंत पुरेल. “सरांनी तुझा आवाज ओळखला असणार रे. तोंडावर काही बोलले नाहीत, मागून खोडत गेले असणार.”

मी म्हटलं, “असेल.”

इथे जरी बोललो असतो तरी काहीतरी वाचलं असतं. कदाचित. पण अजून पुढचं आहे.

तो सरांकडे गेला, सर त्याला प्राचार्यांकडे घेऊन गेले. तिथे निराळंच निघालं. कॅम्पमधली हजेरी आणि वर्गातली हजेरी समोरासमोर ठेवली, तर सुरुवातीच्या आठवड्यांत मिलिंद एकाच वेळी ठाण्यातही हजर आणि वर्गातही हजर. म्हणजे कुणीतरी त्याच्या नावाने ओरडत होतं. प्राचार्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं – त्या मुलाचं नाव दे, तुझ्या टर्मचा विचार करतो.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा होतो. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. भीती कसली वाटत होती सांगू? तो नाव घेईल याची. त्याचं वर्ष जाईल याची नाही.

त्याने नाव दिलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “चल. तुझं नाव नाही घेतलं मी. दोघं कशाला बुडायचं?”

मी त्याच्यासाठी जी प्रॉक्सी लावायची केव्हाच सोडून दिली होती, तिच्यापायी त्याने मला वाचवलं आणि स्वतःचं वर्ष घालवलं. वर्ष गेलं म्हणून शिष्यवृत्ती थांबली. त्याच पावसाळ्यात वडील रुळावर काम करताना पडले आणि अंथरुणाला खिळले. मिलिंद परत कॉलेजात आला नाही.

युनिव्हर्सिटीकडून मी गेलो. परराज्यात स्पर्धा होती. मला फारसं खेळवलं नाही, बहुतेक वेळ बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. पण ब्लेझर मिळाला. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्या ब्लेझरबद्दलच होता, आणि साहेब खूश झाले. इतक्या मोठ्या कॉलेजात शिकून वर युनिव्हर्सिटीचा खेळाडू! वडिलांनी तो ब्लेझर घातलेला माझा फोटो हॉलमध्ये लावला.

नव्वदच्या दशकात, माझं बरं चाललेलं असताना, एका कामासाठी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकलच्या कारखान्यात गेलो. रिॲक्टरपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरने तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि ओरडला, “केळ्या!” मिलिंद. अंगाने सुटलेला, डोळे लाल. कोवळ्या वयाचा एक इंजिनिअर मला प्लँट दाखवत होता. तो त्याला ‘ए मिलिंद, व्हॉल्व्ह बघ’ म्हणत होता, आणि मिलिंद त्याला ‘हो साहेब’ म्हणत होता. त्या पोराने मला जे चुकीचं समजावलं, ते मिलिंदने नंतर हळूच बरोबर करून सांगितलं, त्याचा पाणउतारा होऊ न देता.

शिफ्ट संपल्यावर तो मला सोडेना. घरी चल, आई अजून तुझं नाव काढते. मी का गेलो? नाही म्हणता आलं असतं. मला वाटतं, त्याला काही कळलंय का ते मला बघायचं होतं.

कोळसेवाडीतली तीच खोली. वडील गेले होते. मिलिंदची बायको होती, शाळेत जाणारी लहान मुलगी होती. मी केळकर, म्हणून मुद्दाम वेगळी वांग्याची भाजी केली होती, घरातला रस्सा झाकून बाजूला ठेवला होता. त्याची म्हातारी आई माझ्यासमोर येऊन बसली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला.

“बाबा, तुमी माज्या लेकासाठी लई केलं,” ती म्हणाली. “सांगितलंय त्यानं मला. तुमाला धरलं असतं तर तुमचंबी शिक्षण गेलं असतं. तरी तुमी रोज हजेरी लावली त्याची. असा दोस्त कुनाला भेटतो?”

मग तिने नातीला बोलावलं आणि माझ्या पाया पडायला लावलं. ती पोरगी वाकली. मिलिंद समोर भिंतीला टेकून हसत होता, त्याला खरोखर आनंद झाला होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी विशीतलं पोर राहिलो नव्हतो. कुणी मला संघातून काढणार नव्हतं, प्राचार्य विचारणार नव्हते, नोकरी जाणार नव्हती. खोटं बोलून मला मिळण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

मी म्हणालो, “त्यात काय एवढं, मावशी. मित्रासाठी एवढं कुणीही करतं.”