दर्शन बंद

परत तेच. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे गर्भ टुणटुणीत आणि चौथ्या दिवशी ठप्प. मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि तोंडातून "बोंबला!" निघून गेलं.

मी एम्ब्रियोलॉजिस्ट. जबलपूरला सिविल लाइंसमधल्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये बरीच वर्षं काढली. डॉक्टर पेशंट बाईचं बीज काढतात, आम्ही लॅबमध्ये गर्भ तयार करतो आणि पाच दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढवून पोटात सोडायला डॉक्टरांकडे देतो. इन्क्युबेटर म्हणजे पोटातल्यासारखी ऊब आणि हवा राखणारी पेटी. आमच्या पेटीत दर जोडप्याला वेगळा कप्पा होता. पाचव्या दिवशी गर्भाचा बारीक फुगा होतो. आत पेशींचा एक पुंजका दिसतो. त्या स्टेम सेल, बाळाचं सगळं अंग त्यांच्यातूनच घडतं. आमचे गर्भ तिथवर पोचतच नव्हते.

सर वैतागले. सर म्हणजे सेंटरचे मालक आणि मुख्य डॉक्टर. "मेश्राम, मीडिया बदलो."

मीडिया म्हणजे गर्भ ज्यात वाढतो ते पोषणाचं पाणी. बदललं. गॅसचा सिलिंडर बदलला, फिल्टर बदलले. ढिम्म फरक नाही. आणि त्याच पेटीत, त्याच पाण्यात एका रेल्वेवाल्या जोडप्याचे गर्भ मात्र मस्त वाढले. त्यांनी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. दोघंच यायचे, दोघंच जायचे. माझं डोकं तिथंच अडकलं. बाकी सगळ्यांसोबत तर अख्खं खानदान यायचं!

आमच्याकडे 'दर्शन' असायचं. सरांचीच कल्पना. तिसऱ्या दिवशी नातेवाईकांना बोलवायचं, डिश बाहेर काढायची आणि गर्भ मोठ्या टीव्हीवर दाखवायचा. सासू, मावशी, आत्या एकेक करून हात जोडणार, कोणी फोटो काढणार, कोणी गावाकडे व्हिडिओ कॉल लावणार. तोवर डिश बाहेरच. सरांचंही चूक नव्हतं. लॅबवाले अदलाबदल करतात ही लोकांच्या मनात धास्ती असते, आणि डोळ्यांनी पाहिलं की ती जाते.

पण बाहेर डिश गार होते, पाण्याचा आंबटपणा बिघडतो. पेशीला असा ताण आला की ती वाढीचं काम बाजूला ठेवते आणि दुरुस्तीला लागते. तुमच्याआमच्या पेशी दुरुस्तीचा माल लगेच तयार करतात. तीन दिवसांच्या गर्भाची स्वतःची जनुकं मात्र नुकती जागी होत असतात. तोवर तो आईच्या बीजातून आलेल्या शिदोरीवर जगतो. ती दुरुस्तीतच संपली तर पुढे वाढायचं कशावर?

सर ऐकेनात. मग मी इन्क्युबेटरमधून नुसत्या मीडियाची एक डिश आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. आत गर्भ नव्हता. आमच्या मीडियात रंग असतो, आंबटपणा बदलला की तोही बदलतो. तेवढ्यात सरांचा फोन वाजला आणि चांगलाच लांबला. फोन ठेवेपर्यंत फिकट पाणी चक्क राणी कलरचं झालं होतं.

"ये क्या है?"

"सर, तुमचा एक फोन. दर्शन तर याहून लांब चालतं."

सरांनी डिश उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "दर्शन बंद किया और पेशंट चले गए तो?"

पेशंट दारातच होता. कविता, शहपुऱ्याची. आमच्यासारखीच विदर्भाकडून आलेली मंडळी, शेती करणारी. तिची बीजं संपत आलेली. या खेपेला कसेबसे दोन गर्भ जमले होते, पुढच्या खेपेची आशा नव्हती. सोबत सासू, सुमनबाई. गर्भांचा तिसरा दिवस होता. दर्शन नाही असं मी म्हटल्यावर बाई कडाडल्या.

"दाखवत काहून नाही? दुसऱ्याचं टाकून राहिल्या का माझ्या सुनेच्या पोटात? चल वो कविता, घरी चल."

कविता रडायलाच लागली. सर माझ्याकडे बघत, "दिखा दो यार, दो मिनट." मला सरांचा इतका राग आला की काय सांगू. मी त्यांच्याकडे पाठ केली. सुमनबाईंनाच विचारलं.

"आई, बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही पाहुणे येऊ देता?"

"नाही बाप्पा! वारा लागते. दारसुद्धा उघडू देत नाही मी."

"मग ही पेटी म्हणजे तीच खोली. लेकरू आत आहे, अंगावर कपडासुद्धा नाही."

बाईंनी पेटी कुठं आहे ते विचारलं. मी त्यांना लॅबच्या काचेपाशी नेलं, कविताच्या नावाचा कप्पा दाखवला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. "इथं बसा. हा कप्पा कोण उघडते ते तुम्हीच पाहा."

बसल्या की हो! जबलपुरातच दीक्षितपुऱ्यात बहिणीकडे उतरल्या होत्या. संध्याकाळी लॅबला कुलूप लागलं तेव्हाच उठल्या, सकाळी डबा घेऊन पुन्हा हजर. चौथ्या दिवशी सर सवयीने आत निघाले, एक झलक बघू म्हणून. बाई उठून दारात उभ्या. "काहून जी, डॉक्टरसाहेब? पाचवा दिवस उद्या आहे ना?" सर आले तसे परत गेले. मी तोंड फिरवून हसून घेतलं. पण आत काय चाललंय ते मलाही ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी कप्पा उघडला. एक गर्भ थांबला होता. दुसरा टम्म फुगलेला, आत पुंजका स्वच्छ. इतका आनंद मला माझ्या पहिल्या पगाराचाही झाला नव्हता. बाहेर येऊन बाईंना मान डोलावून खूण केली. त्यांनी काचेकडे बघून हात जोडले. तेवढंच त्यांचं दर्शन.

त्यानंतर सेंटरमध्ये दर्शन कायमचं बंद झालं. लोकांना बाकावर बसायची मुभा मिळाली. गर्भ पुन्हा पाचव्या दिवसापर्यंत पोचू लागले. पेशंट कोणी पळालं नाही.

पुढे कविताला मुलगी झाली. सुमनबाई तिला दुपट्यात गुंडाळून पेढ्यांसकट सेंटरला आल्या. मी धावत जाऊन दोन्ही हात पुढे केले. बाई एक पाऊल मागे सरकल्या.

"दुरूनच पाहा जी मॅडम. वारा लागते."

नियम मीच केला होता. पाळावा लागला.