बाराव्या अक्षरावरचा थांबा

धाकट्या बहिणीच्या लग्नाची मंगलाष्टकं मीच लिहायची, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. नळदुर्गच्या शाळेत मराठी शिकवते ना मी! दरवर्षी फळ्यावर शार्दूलविक्रीडित मांडते. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे श्वासापुरता थांबा, मग उरलेली सात. मुलं जांभया देतात.

वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आईनं आधीच सांगून टाकलं, "मी मागं बसते. अक्षता सवाष्णींनी टाकाव्या."

मी भांडले, बहीण रडली. "आई पुढं नसंल तर मला हे लगीनच गोड लागायचं न्हाय," असं ती म्हणाली. आई ढिम्म. मला तिचाही राग आला आणि त्या रीतीचाही. त्या रागातच शेवटची ओळ लिहिली. 'मंडपात' वृत्तात बसेना, म्हणून 'मंडपि' केलं. कवीला तेवढी सूट असते, असं वर्गात मीच सांगते.

आई मंडपि ये पुढे झडकरी, कुर्यात् सदा मंगलम्

लग्नाला गावातल्या पारापुढं मांडव पडला. आई शेवटच्या खांबाला टेकून उभी. अंतरपाटापुढं मी शेवटची ओळ उचलली, 'झडकरी'पर्यंत म्हटली आणि यतीवर थांबले. आई आल्याशिवाय उरलेली सात अक्षरं म्हणायचीच नाहीत, हे मी मनाशी ठरवून आले होते.

अक्षतांच्या मुठी तशाच राहिल्या. नवरदेवाचे मामा खाकरले. भटजी घड्याळ बघत पुटपुटले, "ताई, मुहूर्त टळंल."

आईची मान खालीच. माझ्या हट्टापायी बहिणीचा मुहूर्त चुकला असता, तर तोंड कुठं दाखवणार होते मी? ती पाटावरून माझ्याकडंच बघत होती. हरले, असं वाटून मी ओळ पुरी करणार, तेवढ्यात माणसांना बाजूला सारत आई आली आणि माझ्या कानाला लागली.

"कुर्यात् सदा मंगलम्. विसरलीस व्हय गं? एवढी मास्तरीण, अन् भर मांडवात अडकलीस?"

मी माझ्या मुठीतल्या अक्षता तिच्या हातात कोंबल्या आणि सात अक्षरं म्हटली. भटजींनी सावधान म्हटलं. मागं जायला वाट नव्हती. आईनं हात वर केला.

जेवणाच्या पंगतीत ती पाहुण्यांना सांगत होती, "पोरगी अडकली, म्हणून जावं लागलं."

बोलावलं तेव्हा ती आली नव्हती. मी काहीच विसरले नव्हते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.