लॉइडची चौथी खेप

माझ्या नवऱ्याला, आमच्या लॉइडला, गावात वेडा कोच म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन दहा यार्ड पुढे सरकायला चार खेपा मिळतात; चौथीतही जमलं नाही तर चेंडू तिथेच समोरच्यांचा. तिसऱ्या खेपेपर्यंत जमलं नाही की शहाणी माणसं चौथ्या खेपेला किक मारून चेंडू लांब धाडतात; समोरच्यांना मग दुरून सुरुवात करावी लागते. लॉइडच्या शाळेच्या संघातली पोरं मात्र चौथ्या खेपेलाही चेंडू बगलेत मारून घुसतात.

"आधीच आपली पोरं कमी, त्यात किरकोळ," तो म्हणतो. "हातातला चेंडू आपणहून द्यायला आपण काय दानधर्म करतोय?"

जिंकलो की सगळे त्याची पाठ थोपटायचे. या वर्षी हरत होतो. कुंपणाला टेकून बापलोक शेरे मारायचे, ते मैदानाकडेच्या माझ्या टपरीपर्यंत ऐकू यायचे, जिथे मी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, विकते. शेवटी शाळेच्या मंडळाचा हार्लन बेकमन घरी आला. माझ्या हातचा दालचिनी रोल खाल्ला, बोटं चाटली, आणि म्हणाला, "लॉइड, शुक्रवारी चौथ्या खेपेला किक दिसली पाहिजे. नाहीतर सोमवारी मैदानाच्या किल्ल्या आणून दे."

मी त्याला दुसरा रोल दिला नाही. पण तो गेल्यावर लॉइडच्या मागे लागले मीच. मैदान गेलं तर हा माणूस घरात बसून झुरेल, या धास्तीने माझी झोप उडाली होती. "एकदाच मार ना रे किक. जगबुडी नाही होणार."



शुक्रवारी सामना संपत आला तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. चौथी खेप, अजून दोन यार्ड बाकी, आणि मागे आमचीच गोलरेषा. लॉइडने टपरीकडे, माझ्याकडे पाहिलं. मग खेळ थांबवला आणि हात वर करून किकची खूण केली.

पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. कप्तान एमेट धावत कडेला आला. मीही हातातला चिलीचा डाव टाकून तिथे पोचले होते.

"कोच, किक मारणार कोण?"

"तू मार."

"मी मारली तर चेंडू आपल्याच कुणाच्या तरी ढुंगणावर बसेल. आणि बाकीच्यांनी उभं कुठे राहायचं? तुम्ही आम्हाला हे कधी शिकवलंच नाहीत."

लॉइडच्या हाताखाली अख्खा संघ तयार झाला, पण किक मारायला एकही पोरगा तयार नव्हता. लॉइडने वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाला, "बरं. मग जा, घुसा."

आठवडाभर किकसाठी भुणभुण करणारी मी, घसा फोडून ओरडत होते, "घुसा रे!"

वीतभर कमी पडलं. चेंडू तिथेच समोरच्यांना मिळाला, त्यांनी लगेच गुण केले, आम्ही हरलो.

परतताना गाडी मी चालवली. लॉइड शेजारी बसला होता.

"मार्जी, पोरं नाही डगमगली. मी डगमगलो. हात वर केला मी."

"केलास. माझ्यापायी केलास."

"सोमवारी किल्ल्या देऊन येतो."

"दे. पण त्या पोरांना भरल्या मैदानात माघार घेता आली नाही, लॉइड. ते तुझंच शिकवणं आहे."

तो तोंड खिडकीकडे वळवून रडला. मी गाडी हळू केली आणि घरावरून तशीच पुढे नेली.