कार्डाचा नंबर सापडला तेव्हा

जुन्या शहराच्या परकोटाच्या आत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि त्या गल्लीत मीच एक शहाणा होतो. बाकीचे चोरीचं विंडोज वापरायचे, मी फुकट मिळणारं लिनक्स वापरायचो आणि कुणी न विचारता सांगतही सुटायचो.

शेजारी चाचांचं शिलाईचं दुकान. माझ्या शाळेच्या चड्ड्या त्यांनीच शिवलेल्या. चाची वारल्यावर वर्षभरानं ते मुलीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घेऊन आले.

"बिदाईच्या टायमाले चाची पोरीसंग बोलते यात. घरचा व्हीसीआर तं कवाचाच गेला. सीडीवर करून दे बेटा."

चाचींचे फोटो होते, आवाज तेवढाच होता.

व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरात घ्यायला मी नागपूरहून टीव्ही ट्यूनर कार्ड आणलं. डब्यात फक्त विंडोजची सीडी. कार्ड कुणी बनवलं हेही त्यावर धड लिहिलेलं नव्हतं. लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणे, मला हे कार्ड ओळखता येत नाही, नंबर तुम्हीच सांगा. यादी ही एवढी लांब. एक नंबर द्यायचा, दुकानातला व्हीसीआर लावून बघायचं, ड्रायव्हर काढायचा, पुढचा नंबर द्यायचा. एका नंबरावर चित्र काळंपांढरं, दुसऱ्यावर रंगीत पण मुकं. आठवडा गेला. विंडोजवर अर्ध्या तासात झालं असतं हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. चाचांना नव्हतं. ते रोज दारातून विचारायचे, "झालं का?" आणि मी कार्डवाल्यांना शिव्या घालायचो.

शुक्रवारी नमाजनंतर ते येऊन बसले आणि नेमका तेव्हाच बरोबर नंबर लागला. स्पीकरमधून लग्नाचा बँड वाजला. मी खुर्चीतच उड्या मारल्या, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जरा वेळानं चाचांना समजावायला लागलो. चित्र कार्डातून आतल्या आत जातं, आवाज मात्र या मागच्या वायरीतून साउंड कार्डात जातो, ड्रायव्हर कसा फुकट मिळतो, जगभरची माणसं तो कशी लिहितात. पडद्यावर चाची मुलीचं तोंड पुसत होत्या. चाचा माझ्याकडे बघून मान हलवत होते.

सीडी झाल्यावर मी तिचं पहिलं मिनिट तेवढं तपासलं. बँड ऐकू येत होता. जरा लांबून, पण मी म्हटलं कॅसेटच जुनी. "आता ही कॅसेट कचरा," असंही म्हणालो. "मंग तूच ठेव, कामात येईन तुह्या," म्हणून चाचांनी ती माझ्याकडेच सोडली. मी तेव्हा शूटिंगच्या ऑर्डरी घ्यायचो. सावली गावात एका बारशात कॅसेट कमी पडली, तीच लावली.

पंधरा दिवसांनी चाचा सीडी घेऊन आले. माजरीला मुलीकडे त्यांनी ती पाहिली होती. मी बिदाईची जागा लावली. कॉम्प्युटरमध्ये ऐकायची वाट वेगळी आणि साठवायची वेगळी. आम्हाला वायरीतला आवाज ऐकू येत होता, पण साठवायच्या जागी माइक निवडलेला राहिला होता. टेबलावरच्या त्या माइकनं दुकान टिपलं होतं. पंख्याची घरघर, मागे कुठेतरी बँड, आणि सगळ्यात जवळ, अगदी स्वच्छ, मी. चाचींचे ओठ हलत होते आणि मी वायरीबद्दल बोलत होतो. त्या आवाजाचा मला आजही तिटकारा आहे.

"बेटा," चाचा म्हणाले, "इथी तुहा आवाज जरासा कमी करता येते का?"

येत नाही म्हणालो. सगळं एकातच मिसळलेलं होतं.

"मंग कॅसेटवरून परत कर."

कॅसेटवर आता बारसं आहे, हेही सांगावं लागलं. ते चिडले असते तर मीही काहीतरी बोललो असतो, निमित्त काढलं असतं. ते चिडले नाहीत. त्यांनी सीडी परत कव्हरात घातली.

"त्या दिवशी तं चांगला येऊन राह्यला होता तिचा आवाज," उठताना म्हणाले. "मीच नाई ऐकला. तू सांगून राह्यला होता नं, मंग तुह्याकडंच ध्यान दिलं."