श्वास सोडा, असं कुणी म्हणालंच नाही

“मॅडम, नॉर्मल रिपोर्ट तुम्हीच दिलाय. आता माणूसच कामचुकार निघाला, त्याला आम्ही काय करणार?”

फोनवर चाकणच्या एका कंपनीचे एचआर मॅनेजर होते. मी चिंचवडच्या एका सेंटरमध्ये रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे एक्स-रे आणि सीटी स्कॅन बघून रिपोर्ट लिहिते. हा ‘कामचुकार’ तोच रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला होता. शिंदे, फोर्जिंग शॉपमधले, म्हणजे तापलेलं लोखंड घडवणारे कामगार, मूळचे लातूरकडचे, राहायला चिखलीत. कोविड झाल्यापासून त्यांना दम लागायचा. कंपनीने स्कॅन करून घेतला, मी नॉर्मल लिहिलं, आणि त्या कागदाच्या जोरावर त्यांना पुन्हा भट्टीपाशी उभं केलं. सोमवारपासून पूर्ण शिफ्ट जमली नाही तर नोकरी गेली, असं बजावलंही होतं.

मी फोन ठेवला.

“खोटं नाही बोलायलो मॅडम,” शिंदे म्हणाले. “हवा आत जातीय. बाहेरच येईना.”

माझं डोकंच सणकलं. आधी स्वतःवर.

पेशंट सीटीच्या टेबलावर झोपला की मशीनमधला रेकॉर्डेड आवाज सांगतो, श्वास घ्या, धरून ठेवा. तेवढ्यात स्कॅन उरकतो. फुफ्फुसं फुगलेली असली की फोटो स्वच्छ येतो. श्वास सोडल्यावरचा स्कॅन वेगळा करावा लागतो. बाहेर कंपन्यांच्या कामगारांची रांग, म्हणून आम्ही तो करतच नव्हतो. शिंदेंच्या फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात कंपनीने ‘रुटीन’ लिहिलं होतं. मीही बाहेर येऊन त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. श्वास सोडता येत नाही म्हणणाऱ्या माणसाने आत घेतलेला श्वास तेवढा आम्ही बघितला आणि वर सही ठोकली!

शिंदेंना मी पुन्हा टेबलावर झोपवलं. “रेकॉर्डिंग बंद कर,” मी टेक्निशियनला म्हटलं आणि माइक हातात घेतला. “शिंदे, श्वास सोडा. अजून सोडा. आता थांबा.”

सीटीवर हवा काळी दिसते. श्वास सोडला की फुफ्फुस राखाडी व्हायला हवं. शिंदेंचं झालं, पण सगळं नाही. दोन्हीकडे खाली काळी ठिगळं तशीच राहिली. बारीक श्वासनलिकांच्या पुढे हवा अडकून पडली होती.

मी एचआरला फोन लावला. “पहिली तपासणी अपुरी होती. चूक माझी. नवा रिपोर्ट पाठवतेय.”

“असे रिपोर्ट बदलायला लागलात, तर आम्हाला दुसरं सेंटर बघावं लागेल.”

“जरूर बघा. तिथेही त्यांना श्वास सोडायला सांगा.”

मी शिंदेंना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नळीत जोरात फुंकर मारायची तपासणी केली, तिचा निकालही नव्या स्कॅनशी जुळला. त्यांच्या पत्रानंतर शिंदेंना भट्टीवरून स्टोअरमध्ये हलवलं. कंपनीने खरंच दुसरं सेंटर धरलं. खुशाल धरू दे.

महिन्याभराने शिंदे आले. मला वाटलं, कंपनीसाठी आणखी काही पत्र हवं असेल.

“ती नवी फिल्म मिळंल का मॅडम? घरी दाखवायचीय. बायकोला पण वाटायलंय, मी नाटक करायलोय म्हणून. तुमचा पहिला कागद वाचलाय तिनं.”

मी फिल्म दिली. काय दाखवायचं ते पेनाने गोल करून दिलं. तेव्हापासून नॉर्मल लिहिण्याआधी मी बाहेर येऊन पेशंटला विचारते, काय होतंय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.